पंचांची चूक

मागच्या महिन्यात आपल्या शाळेत सहावी विरुद्ध सातवी असा खो-खोचा सामना झाला. मी पंच होते. शेवटच्या मिनिटाला सातवीची एक मुलगी खांबाला वळसा घालून पळाली. मी शिट्टी वाजवून तिला बाद दिले. ती म्हणाली, "अगं, हात लागलाच नाही!" मी म्हणाले, "पंचाचा निर्णय शेवटचा." त्या एका गड्यामुळे सातवी हरली. ती मुलगी रडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला गुरुजींनी अमेरिकेतली एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. ती अशी :

बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू मारतो व पहिल्या बेसकडे पळतो. तो पोचण्याआधी चेंडू हातात असलेल्या खेळाडूने बेसला पाय लावला, की फलंदाज बाद. ९ डावांत प्रत्येकी ३ असे २७ गडी बाद करायचे असतात. एकालाही बेसवर पोचू न देता सर्वांना बाद केले, तर त्याला 'परफेक्ट गेम' म्हणजे निर्दोष सामना म्हणतात. तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये १८८० पासून तोवर असे फक्त २० सामने झाले होते.

२ जून २०१० रोजी डेट्रॉइट शहरात अरमांडो गलारागा हा गोलंदाज चेंडू टाकत होता. २६ गडी ओळीने बाद झाले. सत्ताविसावा पळाला. गलारागाने पहिल्या बेसवर चेंडू झेलला आणि पाय टेकवला. फलंदाज अजून पोचायचा होता. पण पंच जिम जॉइस यांनी हात पसरून 'नाबाद' अशी खूण केली! सारे मैदान ओरडू लागले. गलारागा मात्र नुसता हसला आणि पुढचा गडी बाद करून त्याने सामना संपवला.

नंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली. आपली चूक झाली, हे त्यांना कळले. त्यांनी ती सगळ्यांसमोर कबूल केली आणि डोळ्यांत पाणी आणून गलारागाची माफी मागितली. त्यानेही मोठ्या मनाने माफ केले. दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर जॉइस पुन्हा पंच होते. संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गलारागा स्वतः गेला. जॉइस यांनी डोळे पुसले.

आता लीगने काय केले ते पाहा. लीगचे प्रमुख बड सेलिग यांनी निर्णय फिरवला नाही. झालेला सामना झाला. गलारागाच्या नावावर परफेक्ट गेम लागला नाही तो नाहीच. पण पुढे नियम बदलला. तेव्हा फक्त 'होम रन'साठीच चित्रफीत पाहत. २०१४ पासून बेसवरच्या अशा निर्णयांवरही संघाला दाद मागता येते. न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच चित्रफीत तपासून निर्णय कळवतात. आपल्या आयपीएलमध्येही २०२० पासून गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेबाहेर पडला का, ते तिसरा पंच टीव्हीवर पाहतो. म्हणजे पंचाला हाकलून न देता त्याच्या मदतीला आणखी डोळे दिले.

गोष्ट ऐकून मला रात्री झोप लागेना. खरे सांगते, त्या दिवशी माझ्या आणि तिच्या मधे खांब आला होता. हात लागला की नाही, ते मी पाहिलेच नव्हते. सातवीच्या ताईंनो, माझे चुकले. निकाल आता बदलणार नाही, पण हे सगळ्यांना वाचता यावे म्हणून इथे भिंतीवर लिहिले आहे.

गुरुजींना विचारून आम्ही ठरवले आहे, की पुढच्या सामन्यापासून दोन्ही खांबांजवळ एकेक पंच उभा राहील.

विचार करा व सांगा :
१) जॉइस यांनी चूक कबूल केली नसती तर काय झाले असते?
२) सेलिग यांनी निर्णय फिरवायला हवा होता का? घरी आई-वडिलांनाही विचारा.