साताऱ्यातील मुक्काम

सातारा शहरात एका मातेची समाधी आहे. ही माता म्हणजे भीमाबाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आई. बाबासाहेबांचा जन्म साताऱ्यात झाला नाही आणि त्यांचे मोठे कार्यही येथे घडले नाही. पोटासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी गाव बदलीत निघालेल्या एका कुटुंबाचा येथे काही वर्षे मुक्काम होता, याची खूण म्हणून ही समाधी उभी आहे.

या कुटुंबाचे मूळ गाव आंबडवे. ते रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. आंबेडकर हे आडनाव त्या गावावरूनच आले. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते व लष्कराच्या शाळेत त्यांनी चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. मध्य भारतातील महू येथील छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला. रामजी निवृत्त झाल्यावर हे कुटुंब महू सोडून कोकणात दापोलीस आले व तेथून पुढे साताऱ्यास. रामजी कबीरपंथी होते. मुलांकडून ते नित्य अभंग म्हणवून घेत, रामायण-महाभारत वाचून घेत. घरात पैसा थोडा होता, पण विद्येची हेळसांड मात्र त्यांनी कधी होऊ दिली नाही.

साताऱ्यास येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच 1896 साली भीमाबाई निवर्तल्या. त्यांच्या चौदा अपत्यांपैकी पाचच मुले जगली होती. भीमराव त्यांत सर्वांत धाकटे, अवघे पाच वर्षांचे. पुढे आत्या मीराबाईंनी या मुलांना माया दिली. त्या पाठीने वाकलेल्या होत्या; घरचे सारे काम त्यांना उरकत नसे. म्हणून वडील नोकरीनिमित्त परगावी असताना मुलेच स्वयंपाक करीत. भाकरी थापणे जमेना, तेव्हा भात व मटण एकत्र शिजवून ती पोट भरीत.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. शाळेच्या नोंदवहीत 1914 या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद असून शाळेने ती जपून ठेवली आहे. दगडी स्मारकापेक्षा ही एक ओळ काही कमी मोलाची नाही! मात्र शाळेत नाव लागले म्हणजे शाळेने जवळ केले, असे त्या काळी नव्हते. अस्पृश्य मानलेल्या या मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसला की तहानलेलेच राहावयाचे. केस कापण्यास न्हावी तयार नसे, म्हणून बहीणच भावांचे केस कापीत असे.

पुढच्याच वर्षी, 1901 मध्ये, एक प्रवास घडला. तो बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. रामजी त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. वडिलांनी मुलांना सुट्टीत बोलावून घेतले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घालून मुले आनंदाने निघाली व मसूर स्थानकावर उतरली. पण येण्याचे कळविणारे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. त्यामुळे न्यावयास कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने प्रथम आपुलकीने विचारपूस केली. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला.

कोणी गाडीवान त्यांना आपल्या बैलगाडीत घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला; तोही मुलांनी गाडी हाकावी व आपण पायी चालावे, या अटीवर. रात्र पडली. बरोबर शिदोरी होती, पण पाण्याचा घोट मिळेना. डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्यावर गाडी थांबली. आपण मुसलमान आहोत असे मुलांनी तेथे सांगून पाहिले, तरी नाकेदाराने पाणी दिले नाही. अन्न समोर असूनही ती उपाशीच निजली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावास पोहोचली. नऊ वर्षांच्या भीमरावांना आपण कोण आहोत हे शाळेतील गोणपाटाने पुरते सांगितले नव्हते; ते त्या रात्रीच्या कोरड्या घशाने सांगितले. स्मारके बहुधा विजयाच्या जागी उभारतात, पण या कुटुंबाच्या वाटेवरची ती रात्रही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पस्तीस वर्षांचे असताना याच भीमरावांनी 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

साताऱ्यातील मुक्काम 1904 च्या सुमारास संपला. मुलांना पुढे शिकता यावे म्हणून रामजींनी मुंबई गाठली. तेथे परळ भागातील चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले व 1907 साली मॅट्रिक झाले. शाळाप्रवेशाची ती तारीख, 7 नोव्हेंबर, महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये 'विद्यार्थी दिवस' म्हणून ठरविली. महूस जन्मस्थानी मोठे स्मारक झाले आहे, मुंबईस चैत्यभूमी आहे. भीमाबाई मात्र मुंबईपर्यंतच्या या प्रवासात कुटुंबाबरोबर नव्हत्या. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे.