नकाशा एक सांगतो, लेख दुसरे सांगतो

शेताचे दोन कागद असतात, हे आपल्याला माहीत आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते. गाव-नकाशावर शेताचा आकार काढलेला असतो. कधी कधी या दोघांचे जमत नाही. सातबारा म्हणतो, शेत ८० आर आहे. नकाशाप्रमाणे मोजावे, तर ७५ आरच भरते. मग धुऱ्यावरून तंटा होतो. शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. शेवटी सरकारी मोजणी मागवावी लागते.

इमारतीच्या कामातही असेच घडते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव बांधकामे चालतात. कोठे शाळेची खोली, कोठे अंगणवाडी, कोठे मामा तलावाचा सांडवा, कोठे घरकुल. या कामांचेही कागद असतात. त्या कागदांत मेळ नसला, तर काम बिघडते, पैसा वाया जातो आणि कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून या धड्यात आपण ते कागद वाचायला शिकू.

तीन कागद, तीन कामे

पहिला कागद नकाशा. खोली किती लांब, किती रुंद, खिडकी कोणत्या भिंतीत, पाया किती खोल, हे नकाशा सांगतो.

दुसरा कागद म्हणजे कामाचे लेखी वर्णन. कचेरीत त्याला ‘विनिर्देश’ म्हणतात. ठेकेदार त्याला ‘स्पेसिफिकेशन’ म्हणतो. आपण त्याला साधेपणाने ‘लेख’ म्हणू. माल कोणता वापरायचा, सिमेंटला रेती किती, सळाख कोणत्या जातीची, पाणी किती दिवस मारायचे, हे लेख सांगतो.

तिसरा कागद अंदाजपत्रक. कोणते काम किती करायचे आणि त्याचा दर काय, हे त्यात असते.

तिन्ही कागद एकाच इमारतीचे. मग त्यांत फरक पडतो कसा? दर वेळी त्यात लबाडीच असते असे नाही. नकाशा एका टेबलावर तयार होतो आणि लेख दुसऱ्या टेबलावर. पुष्कळदा लेख जुन्या कामाच्या कागदावरून उतरून घेतात. पुढे कोणी नकाशा सुधारतो, पण लेख तसाच राहतो. चूक लहान असते. तिचे फळ मात्र मोठे असते.

एका इंचाचा हिशेब

समजा, आपल्या गावात शाळेची एक खोली बांधायची आहे. तिचा स्लॅब २० फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. नकाशात स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटर दाखवली आहे. म्हणजे सुमारे ५ इंच. लेखात मात्र १०० मिलिमीटर लिहिले आहे. म्हणजे सुमारे ४ इंच. फरक फक्त एका इंचाचा.

आता हिशेब करू. २० गुणिले १८ म्हणजे ३६० चौरस फूट. ४ इंच जाडीला १२० घनफूट काँक्रीट लागेल. ५ इंच जाडीला १५० घनफूट लागेल. फरक ३० घनफुटांचा झाला. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती आणि तीन भाग गिट्टी असे मिश्रण धरले, तर एवढ्या काँक्रीटला सिमेंटची सुमारे ७ पोती जास्त लागतात. रेती, गिट्टी आणि मजुरी निराळी.

ठेकेदार म्हणतो, “लेखात ४ इंच आहे. मी त्यावरच दर भरला.” गावकरी म्हणतात, “नकाशात ५ इंच आहे. आम्हाला ५ इंच पाहिजे.” दोघांच्याही हातात कागद आहे. खरा कोण?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. “जाड घाला, म्हणजे मजबूत होईल,” असे आपल्याला वाटते. पण ३० घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे २१ क्विंटल भरते. तो भार भिंतीवर, खांबावर आणि पायावर पडतो. त्यांचा हिशेब त्या भाराचा केला आहे की नाही, हे अभियंताच सांगू शकतो. उलट, स्लॅब पातळ झाला तर तो वाकतो आणि त्याला भेगा पडतात. म्हणून ठेकेदाराने आपल्या सोयीने पातळ घालू नये. गावकऱ्यांनीही आपल्या मनाने जाड घालायला लावू नये.

सळाखीचेही असेच आहे. ८ मिलिमीटरची सळाख एका मीटरला सुमारे ३९५ ग्रॅम भरते. १० मिलिमीटरची सुमारे ६१७ ग्रॅम भरते. आकड्यात फरक दोनचाच दिसतो. लोखंड मात्र दीडपटीहून जास्त लागते. काँक्रीट ओतल्यावर आत ८ ची आहे की १० ची, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विचारायची वेळ काँक्रीट ओतण्याच्या आधीची.

एक बोलतो, दुसरा गप्प

कधी कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीत. एक बोलतो आणि दुसरा गप्प बसतो.

आम्ही नोकरीत असताना एका गावी असेच झाले. शाळेच्या नव्या खोलीच्या नकाशात खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा काढलेला होता. अंदाजपत्रकात छज्जाचे नावच नव्हते. ठेकेदार म्हणाला, “याचे पैसे धरलेले नाहीत. मी का घालू?” अभियंता म्हणाला, “नकाशात आहे ना? मग घालायलाच पाहिजे.” महिना बोलण्यातच गेला. इकडे मृग लागला. खिडक्यांतून पाणी आत आले आणि मुलांच्या बसायच्या पट्ट्या भिजल्या. त्या पावसाळ्यात तिसरीचा वर्ग व्हरांड्यात भरला. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीने आपल्या पैशातून छज्जा घातला. दोघांचेही म्हणणे कागदावर होते. भिजली मात्र पोरे.

अशा गोष्टीचा विचार बाहेरच्या जगातही झाला आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बांधकाम-करारात एक नियम असतो. जे नकाशात आहे पण लेखात नाही, किंवा लेखात आहे पण नकाशात नाही, ते दोन्हींत आहे असेच धरावे. म्हणजे एक गप्प असला, तरी दुसऱ्याचे बोलणे पाळायचे. आपल्या करारात असे एक वाक्य असले, तर अर्धी भांडणे मिटतील.

मोठा कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन्ही कागद बोलतात आणि निरनिराळे बोलतात. मग मानायचे कोणाचे?

पुष्कळ लोक सांगतात, “नकाशाच खरा.” दुसरे म्हणतात, “लिहिलेले तेच खरे.” दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. याचे उत्तर करारातच पाहावे लागते. करारात कागदांचा क्रम लावलेला असतो. त्यात जो वर, त्याचे ऐकायचे.

हा क्रम सगळीकडे सारखा नसतो. केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नेहमीच्या करारात असा क्रम आहे. सर्वांत वर अंदाजपत्रकातील कामाचे वर्णन. त्याखाली त्या कामापुरता केलेला खास लेख आणि खास अटी. त्याखाली नकाशा. त्याखाली त्या विभागाचा नेहमीचा छापील लेख. आणि शेवटी भारतीय मानक. पाहा, येथे एक लेख नकाशाच्या वर बसला आहे आणि दुसरा नकाशाच्या खाली!

वर सांगितलेल्या अमेरिकेच्या करारात लेख नकाशाच्या वर धरतात. जगभर ‘लाल पुस्तक’ म्हणून ओळखला जाणारा एक करार-नमुना आहे. सल्लागार अभियंत्यांच्या जागतिक संघाने तो तयार केला. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीतही लेख आधी आणि नकाशा नंतर आहे.

आपल्या राज्यात सार्वजनिक बांधकाम विभागाचा ‘बी-१’ नावाचा करार-नमुना आहे. त्यात असे ठरले आहे की, नकाशा आणि लेख यांच्या अर्थाविषयी प्रश्न निघाला, तर अधीक्षक अभियंत्याने निर्णय द्यावा. म्हणजे येथे कागदापेक्षा माणसाचा शब्द शेवटचा.

करारात क्रमही नाही आणि निर्णय देणाराही नाही, तर काय? मग भांडण कोर्टात जाते. कोर्ट सगळे कागद एकत्र वाचते. कलमाचे खरोखर दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने कागद लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ कोर्ट कधी कधी धरते. कारण साफ लिहिणे हे त्याचे काम होते. पण तेथवर जाण्यात वर्षे जातात. तोवर खोली अर्धवट उभी राहते.

नकाशावर मोजपट्टी लावू नका

नकाशातल्या नकाशातही फरक पडतो. त्याचा एक जुना नियम आहे. नकाशावर आकडा लिहिलेला असेल, तर तो आकडाच खरा. पट्टी लावून रेघ मोजू नये.

का? नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असे प्रमाण असेल, तर ५ मीटरची भिंत ५ सेंटिमीटरची दिसते. आता कोणी त्याची नक्कल निम्म्या आकाराच्या कागदावर काढली. तीच रेघ सुमारे साडेतीन सेंटिमीटरची झाली. मिस्तरीने पट्टी लावली आणि साडेतीन मीटरची भिंत आखली, तर? दीड मीटर गेला! लिहिलेला आकडा मात्र नकलेतही ५ च राहतो.

आणखी एक. नकाशाच्या कोपऱ्यात तारीख असते. ती वाचा. सुधारलेला नकाशा आला असेल, तर जुना बाजूला ठेवा. मिस्तरीच्या हातात जुना आणि अभियंत्याच्या हातात नवा, असे होऊ देऊ नका.

“दहा बाय बारा” म्हणजे किती?

आता आपल्या स्वतःच्या घराकडे येऊ. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे असावे लागते. स्वयंपाकाची जागा त्यातच आली. या घरकुलाला ठेकेदार लावायचा नसतो. घर आपणच बांधून घ्यायचे असते. काम जसे पुढे जाईल, तसे हप्ते मिळतात. म्हणजे येथे कराराची एक बाजू आपण आणि दुसरी बाजू मिस्तरी. बहुतेक वेळा सारे तोंडीच ठरते.

आपण म्हणतो, “भाऊ, दहा बाय बाराची खोली कर.” मिस्तरी म्हणतो, “करतो.” आपल्या मनात आतली जागा असते. त्याच्या मनात बाहेरचे माप असते. भिंत ९ इंचांची. बाहेरून १० बाय १२ धरले, तर आत साडेआठ बाय साडेदहाच उरते. आपल्याला १२० चौरस फूट हवे होते. मिळाले सुमारे ८९. म्हणजे ३१ चौरस फूट जागा भिंतींनी खाल्ली. दोन खाटांची जागा गेली, आणि भांडण कायमचे राहिले.

१८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्याचे १३ वे कलम सांगते की, दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच त्यांची संमती झाली. शब्द एक असून भागत नाही. अर्थही एक पाहिजे. म्हणून वहीच्या एका पानावर खोलीचे चित्र काढा. माप आतले की बाहेरचे, ते लिहा. खाली माल, मिश्रण आणि मजुरी लिहा. दोघांनी सही करा. एक प्रत त्याला द्या, एक आपल्या पेटीत ठेवा.

मग करायचे काय?

१. सही करण्याआधी नकाशा, लेख आणि अंदाजपत्रक शेजारी शेजारी मांडा. एकेक कलम वाचा आणि ते तिन्हींत सारखे आहे का, ते पाहा.

२. करारात कागदांचा क्रम लिहिला आहे का, ते शोधा. नसेल, तर लिहून मागा.

३. फरक दिसला, तर तेवढेच काम थांबवा. सगळे काम बंद पाडू नका. स्लॅबचा प्रश्न असेल, तरी भिंतीचा गिलावा चालू शकतो.

४. लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. “चालू द्या, पाहू पुढे,” हे उत्तर नव्हे.

५. जास्त खर्च येणार असेल, तर तो कोणी सोसायचा, हे काम करण्याआधी ठरवा.

लेखी कसे विचारावे, याचा नमुना पुढे दिला आहे.

प्रति,
मा. शाखा अभियंता यांस,
विषय : शाळेच्या खोलीच्या स्लॅबची जाडी.
महोदय,
आमच्या गावी शाळेच्या खोलीचे काम चालू आहे. दिनांक ........ च्या नकाशात स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटर दाखवली आहे. लेखाच्या कलम ........ मध्ये ती १०० मिलिमीटर लिहिली आहे. यांपैकी कोणती धरावी, ते कृपा करून लेखी कळवावे. उत्तर येईपर्यंत स्लॅबचे काम थांबवण्यास ठेकेदारास सांगावे, ही विनंती.
आपले,
सरपंच व सदस्य. तारीख ........

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या.

पूर्वी आपल्या गावात असा कागद आला, की तो एकजण वाचायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. आता आपल्याला अक्षर ओळखते आणि आकडाही ओळखतो. गावात शाळेची खोली उभी राहील, तेव्हा ग्रामपंचायतीत जा आणि तिचे कागद पाहायला मागा. खोलीत आपलीच मुले बसायची आहेत.

अभ्यास

१. नकाशा काय सांगतो? लेख काय सांगतो?
२. स्लॅब २४ फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. जाडी ४ इंच असली तर किती घनफूट काँक्रीट लागेल? ५ इंच असली तर किती?
३. नकाशावर रेघ न मोजता आकडा का धरावा?
४. आपल्या घराच्या एका खोलीचे चित्र वहीत काढा. आतले माप आणि बाहेरचे माप, दोन्ही लिहा.
५. खिडकीची रुंदी नकाशात ४ फूट आणि लेखात ३ फूट आहे. याविषयी अभियंत्याला चार ओळींचा अर्ज लिहा.