घोयरा सरड्याची मादी आजारी पडल्यास

प्रश्न : येडशीच्या रानात सापडलेली घोयरा सरड्याची मादी घरी पिंजऱ्यात ठेवली आहे. तिचे पोट फुगले आहे, ती खात नाही आणि दिवसाही डोळे मिटून तळाशी बसते. काय करावे?

उत्तर : या लक्षणांवरून पहिली शंका येते ती अंडी अडकल्याची, म्हणजे पोटात तयार झालेली अंडी मादीला बाहेर टाकता न येण्याची. एरवी झाडाझुडपांवर राहणारी ही मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरून ओलसर मातीत बीळ खणते. पिंजऱ्यात तशी माती नसेल, किंवा कॅल्शियम कमी पडून स्नायूंचे आकुंचन मंदावले असेल, तर अंडी आतच राहतात. या कुळातील काही जातींत नराशिवायही अंडी तयार होतात, हे पाळणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. दिवसा मिटलेले डोळे हे तर गंभीर आजाराचे चिन्ह होय. पोट दाबू नये, कारण अंडी आत फुटू शकतात. तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. हा प्राणी पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून फांदीवर पाणी शिंपडणे एवढेच घरी करण्याजोगे आहे.

निदान क्ष-किरण तपासणीने होते, आणि तेही वनविभागामार्फतच व्हावे. कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोयरा संरक्षित असून त्याला पाळणे, हेतू कितीही चांगला असला तरी, गुन्हा ठरतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे. बरी झालेली मादी कोठे सोडायची हेही त्यांनीच ठरवावे; येडशी-रामलिंग घाट अभयारण्य जवळच आहे.