अन्नविज्ञानाची पदवी आणि शिकाऊ उमेदवारी

आपल्या मनीषनगरात हातगाडीवरून आणलेल्या संत्र्यांचा रस काढला तर तो गोड-आंबट लागतो. तोच झाकून ठेवला की काही तासांत कडवट होतो. रसातील आम्लामुळे एका बेचव द्रव्याचे लिमोनिन बनते, हे त्याचे कारण. बिया व सालीचा अंश रसात कितपत येऊ द्यावा, दाब कमी दिल्यास काय फरक पडतो, हे करून पाहणे, चाखून गुण लिहिणे, आणि पुन्हा करून पाहणे. नवा अन्नपदार्थ घडविण्याचे शिक्षण असे असते. आम्ही कला शाखेचे, बँकेत लेखणी चालविणारे; तरी हे केवळ पुस्तकातून येणार नाही, एवढे आम्हालाही कळते.

नागपुरात १९४२ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमुळे हा विषय आपल्याला परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारीची सोय करून दिली. ‘पोरगी टोपी घालून कारखान्यात जाते, मग कॉलेज कशाला?’ असे विचारणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

मात्र करारनामा वाचूनच सही करावी. (न वाचता सह्या करणारे आम्ही रोज पाहतो!) १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाप्रमाणे उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. विद्यावेतन मिळते, पुढे नोकरी मिळेलच असे नाही. कामावर इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. वर्षभर नुसती पाकिटेच भरून घेतली तर ते शिक्षण कसले? मुलीने रोजच्या कामाची वही ठेवावी आणि ती महाविद्यालयातील मार्गदर्शकांना दर आठवड्यास दाखवावी.