ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना : हुकाची उंची आणि दांडीवरील भार

ट्रॅक्टर हे मशागतीचे यंत्र असले तरी ऊस, कांदा, शेणखत, खते, चारा अशा मालाची वाहतूक करण्यातच त्याचा बराच काळ जातो. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडताना शेतकरी जेवढी दक्षता घेतात, तेवढी ट्रॉली जोडताना मात्र घेत नाहीत. पिन टाकली की जोडणी पूर्ण झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक पिन टाकण्यापूर्वीच एक गोष्ट ठरलेली असते, ती म्हणजे ट्रॉलीचा ओढ ट्रॅक्टरच्या कोणत्या उंचीवर येणार.

ट्रॉली ओढली जात असताना पुढील चाकांवरचे वजन कमी होऊन ते मागील चाकांवर जाते. हुक जमिनीपासून जितका उंच, तितके हे स्थलांतर अधिक. त्यात दांडीचा खाली दाबणारा भार मागील आसाच्या पाठीमागे पडत असल्याने पुढची बाजू आणखी हलकी होते. समजण्यासाठी एक हिशेब मांडू. ट्रॅक्टरचे वजन २००० किलो असून त्यापैकी ७५० किलो पुढील चाकांवर आहे. दोन्ही आसांमधील अंतर १९० सें.मी., हुकाची उंची ४५ सें.मी. आणि हुक मागील आसापासून ६० सें.मी. मागे आहे, असे धरू. ट्रॉली ओढण्यास ८०० किलो इतका जोर लागत असेल, तर पुढील चाकांवरून सुमारे १९० किलो वजन उतरते (८०० × ४५ ÷ १९०). दांडीवर ४०० किलो भार असेल, तर त्यामुळे आणखी सुमारे १२६ किलो उतरते. म्हणजे पुढे सुमारे ४३४ किलो उरतात. स्टिअरिंग ताब्यात राहण्यासाठी एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा, येथे ४०० किलो, पुढील चाकांवर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपण त्याच्या किंचितच वर आहोत.

आता हाच ओढ टॉप लिंकच्या जागी, ९० सें.मी. उंचीवर घेतला तर काय होईल? पुढे केवळ २४५ किलो उरतात. हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. घाटात किंवा ओढ्याच्या चढावर पुढची चाके याहूनही हलकी होतात. चाके उचलली जाण्याच्या बऱ्याच आधी स्टिअरिंग ‘हलके’ लागू लागते. चालक त्याला ट्रॅक्टरचा गुण समजतो. तो धोक्याचा इशारा आहे.

सर्वाधिक घातक प्रसंग चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना येतो. साखळी टॉप लिंकला किंवा आसाच्या घराला वरून गुंडाळून ओढली, आणि मागील चाके जागच्या जागी अडकली, तर इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलू लागते. ट्रॅक्टर मागे उलटण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबण्याचे भान येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. रुतलेल्या चाकांपुढे ओंडका बांधणे, ही आपल्याकडची रूढ युक्ती, याच कारणाने टाळावी. आधी माल उतरवावा, मागे घेऊन पाहावे, आणि ओढायचेच झाल्यास साखळी खालच्या हुकालाच लावावी.

दोनचाकी ट्रॉलीत दांडीवर किती भार येतो, हे माल कसा भरला यावर अवलंबून असते. माल पुढे दाटला तर हुक दबतो. मागे दाटला तर दांडी वर उचलते, मागील चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते. ऊस भरताना मोळ्यांची मागची टोके फार बाहेर निघाली की नेमके हेच घडते. चारचाकी ट्रॉलीची दांडी बिजागरीवर असल्याने तिचा भार नगण्य असतो. तेथे काळजी घ्यायची ती पिन, बिजागरी आणि साखळीची.

पिन हुकाच्या छिद्रात नीट बसणारी, न झिजलेली आणि खाली लॉक असलेली हवी. तिच्या जागी बोल्ट किंवा सळईचा तुकडा वापरू नये. सुरक्षा साखळी दांडीखालून आडवी-तिडवी लावावी. वळणावर ताणली जाणार नाही, पण जमिनीला घासणार नाही, इतकीच ती सैल असावी. पिन तुटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळीवर झेलली जाते. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना जोडावेत. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, चढताना लागेल तोच गिअर उतरताना ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांना प्रात्यक्षिकासाठी बुदनी (मध्य प्रदेश) येथील केंद्रीय यंत्र परीक्षण संस्थेचे चाचणी अहवाल उपयोगी पडतील. पुढील-मागील चाकांवरचे वजन, आसांतील अंतर, हुकाची उंची हे आकडे त्यांत मिळतात. गावातील ट्रॅक्टरचाच हिशेब फळ्यावर मांडला, तर तो शेतकऱ्यांना अधिक पटतो.

जोडताना ट्रॅक्टर मागे येत असताना मदतनीसाने मधोमध उभे राहून दांडी उचलू नये. बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. ट्रॅक्टर थांबून हँडब्रेक लागल्यावरच मध्ये जावे. सोडताना प्रथम ट्रॉलीच्या चाकांना ठोकळे आणि दांडीला टेकू द्यावा. माल मागे असलेल्या दोनचाकी ट्रॉलीची पिन काढताच दांडी झटक्याने वर येते, म्हणून पिन काढताना चेहरा दांडीच्या वर नसावा.