इंग्रजी वाक्यातील पदक्रम

'वाघाने हरणाला मारले' आणि 'हरणाला वाघाने मारले' या वाक्यांचा अर्थ एकच आहे. कारण येथे कर्ता आणि कर्म 'ने', 'ला' या प्रत्ययांवरून ओळखता येतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नसतात. तेथे पदाचे स्थानच हे कार्य करते. 'द टायगर किल्ड द डिअर' या वाक्यातील नामांची अदलाबदल केल्यास हरीणच वाघाला मारते! म्हणून कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम पाळावा लागतो. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. त्यामुळे 'आय टी ड्रिंक' अशी चूक होणे स्वाभाविक आहे. ती बुद्धीची उणीव नव्हे, मातृभाषेची सवय आहे. सरावाने ती निश्चित सुटते.

स्वाध्याय : 'सीता पुस्तक वाचते' या वाक्याची इंग्रजी रचना वरील क्रमाने करा.