मालगुजारी तलावांतील गाळ व पाणवनस्पती

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत वर्षाकाठी सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. असे असूनही तेथील धान हातचे जाते, याचे परक्यास नवल वाटते. धान निसवण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली, तर आषाढ-श्रावणातील मुबलक पाऊस कामी येत नाही. त्या वेळचे एक-दोन पाणी देण्यासाठीच येथील तलाव बांधले गेले.

गोंड राजवटीत, जो तलाव बांधील त्यास त्याखाली भिजणारी जमीन देण्याचा रिवाज होता. या कामात कोहळी समाजाने विशेष नाव मिळविले. टेकड्यांमधील सखल जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, आणि वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरवावयाचा, ही त्यांची रीत. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. पुढे इंग्रजी अमदानीत गावाची मालकी मालगुजाराकडे गेली, व त्यावरून या तलावांस आजचे नाव पडले.

मालगुजारीच्या काळात उन्हाळ्यात गाळ काढणे व पाळीवर माती चढविणे ही कामे गावकऱ्यांकडून होत. हे श्रम सदैव राजीखुशीचे होते असे मात्र म्हणता येणार नाही. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले. जुलूम गेला हे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर पाळीची नित्य देखरेख करणारी गावातील व्यवस्थाही मोडली. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, काठावर अतिक्रमणे झाली आणि बेशरमाची झुडपे माजली.

गाळ काढणे अवश्य आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केल्यानंतर या कामास वेग आला. तथापि यंत्राने सरसकट खोल खड्डा केला म्हणजे तलाव सुधारला, ही समजूत चुकीची होय. तलावाचा काठ हळूहळू उतरता असतो. अगदी उथळ पाण्यात लव्हाळे व जंगली धान, त्यापुढे कमळ, आणि पाण्याखाली हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पती वाढतात. मासे त्यांच्या आश्रयाने अंडी घालतात व पिले तेथेच लपतात. स्थलांतरित बदकांचे खाद्य येथलेच. सारसही याच उथळ पाण्यात चरतो. हा उतार खरवडून उभी कड केली, तर पाणी दिसते, पण मासा वाढत नाही. ढिवर कुटुंबांच्या पोटास त्याचा चिमटा प्रथम बसतो. पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा सोडल्यासही परिणाम तोच होतो.

गाळ तलावाच्या मध्यभागातूनच काढावा आणि काठाचा उतार व त्यावरील वनस्पती राखाव्यात. पाळीच्या पायथ्याशी खणू नये, तेणेकरून पाळ कमकुवत होते. मुरूम लागेपर्यंत खणल्यास तळाचा चिकण थर फुटून पाणी झिरपते आणि ऐन निसवणीत तलाव कोरडा पडतो. काढलेला गाळ हलक्या जमिनीस मानवतो. भारी चिकण जमिनीत तो घालू नये.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही तलावांवर ढिवर स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटून काढली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथे नाहीसे होत चाललेले गावठी मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले. या कामात एक दक्षता घ्यावी लागते. बेशरम नुसती तोडून काठावर टाकल्यास तिच्या काडीला ओल मिळताच मुळे फुटतात; म्हणून ती मुळासकट खणून, पाण्यापासून दूर कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळवावी.